टपाल आपोआप येईल, आपोआप लागेल

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. तिथल्या बाजारात सुक्या मासळीचे ढीग वेगवेगळे मांडलेले असतात. आपल्या ईमेलमध्ये मात्र ग्राहकांच्या ऑर्डरी, बँकेची पत्रं आणि जाहिराती एकाच ढिगात पडतात. लिनक्स संगणक असेल, तर ही निवड तो स्वतः करू शकतो, तीही फुकटात.

त्यासाठी दोन जुने प्रोग्रॅम आहेत. फेचमेल सर्व्हरवरून पत्रं आणतो. एरिक रेमंड यांनी तो 1996मध्ये पुढे आणला. प्रोकमेल ती पत्रं नियमांनुसार फोल्डरांत लावतो. नियम वरून खाली तपासले जातात आणि पत्र पहिल्या जुळणाऱ्या नियमाच्या फोल्डरात जातं. म्हणून नेमके नियम वर आणि ढोबळ नियम खाली लिहावेत.

फेचमेलच्या फाइलमध्ये सर्व्हरचं नाव, खातं आणि किती सेकंदांनी तपासायचं ते लिहा. 300 म्हणजे दर पाच मिनिटांनी. या फाइलमध्ये पासवर्ड असतो, म्हणून ती फक्त मालकालाच वाचता येईल अशी ठेवा. इतरांना उघडी दिसली, तर फेचमेल कामच नाकारतो. जीमेल वापरत असाल, तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्या.

सुरुवातीला पत्रांची प्रत सर्व्हरवर राहू द्या आणि जाहिराती पुसू नका, वेगळ्या फोल्डरात टाका. आठवडाभर नोंदवही, म्हणजे लॉग, तपासा. नियम बरोबर चालताहेत याची खात्री झाल्यावरच पुसायचा नियम लिहा.