गच्चीवर टब बसवण्याआधी

वाशी-नेरूळच्या रो-हाउसवाल्यांना हल्ली गच्चीवर हॉट टब असावा असं वाटू लागलंय. हौसेला मोल नाही, पण वजन आहे.

विक्रेता फवारे किती, दिवे किती रंगांचे, हे सांगेल. तुम्ही वजन विचारा. चार जणांच्या टबात साधारण हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एक टन. टब आणि माणसं वेगळी. आयएस ८७५ या मानकानुसार वापरातल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात. पाऊण मीटर खोल पाण्याचा भार भरतो ७५० किलो! त्यात खाडीच्या खाऱ्या हवेनं स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या असल्या, तर बोलायलाच नको. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला आणि सोसायटीची परवानगी हाती येईपर्यंत विसार देऊ नका. तळमजल्याला अंगण असेल, तर टबाची खरी जागा तिथल्या पक्क्या ओट्यावर.

वीज मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइनने घ्या. अर्थिंग चोख हवं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

आता पाणी. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक गरम पाण्याचा टब नुसता विक्रीसाठी मांडून चालू ठेवला होता. त्यात कुणी उतरलंही नव्हतं. पण पाण्यात लीजनेला जीवाणू वाढले, तुषारांबरोबर हवेत गेले आणि शेजारून फिरणाऱ्यांच्या फुफ्फुसांत शिरले. सुमारे दोनशे जण आजारी पडले, तीसच्या आसपास दगावले. कोमट पाणी या जीवाणूंना फार मानवतं, आणि ऊन पाण्यात क्लोरीन लवकर संपतं. म्हणून टबात उतरण्याआधी दर वेळी चाचणीपट्टी बुडवून बघा: क्लोरीन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम, पीएच ७ ते ७.८. फिल्टर नियमित धुवा. दर तीनेक महिन्यांनी सगळं पाणी बदला. नवी मुंबईला मोरबेसारखं हक्काचं धरण असलं, तरी हजार लिटर गटारात सोडताना माझा जीव खालीवर होतो. पण इथं काटकसर करू नका.

पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको आणि एका वेळी पंधरा मिनिटं पुरेत. गरोदर बायकांनी, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. दारू पिऊन कुणीच नाही. लांब केस बांधा. पाणी ओढणाऱ्या जाळीत ते अडकतात. जाळी तुटली असेल तर टब बंद. आणि घरात मूल असेल, तर झाकणाला कुलूप.

एवढी उस्तवार होणार नसेल, तर टब घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी पालीजवळच्या उन्हेऱ्याला जाऊन या. तिथलं पाणी जमिनीतूनच ऊन येतं.