माईक उपाशी होता

गटातल्या सगळ्या ताई, मावशी, आजी आणि भाकरी थापता थापता रेडिओ लावून बसलेल्या सगळ्याजणी, आज आम्ही बचतीबद्दल बोलणार नाही, हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय माईकबद्दल. आत्ता ज्याच्यासमोर आम्ही बसलोय, त्या माईकबद्दल. तो आता चांगला चालतो. पण पाऊण वर्ष तो चालत नव्हता, आणि तेवढ्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

आपल्या केंद्राला देणगीत दोन माईक मिळाले. काळे, चकचकीत, स्टुडिओतले. मिक्सर मात्र आम्ही जुना घेतला, एका मंडपवाल्याकडून. हसू नका, मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. तीन-चार माईकचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारं, बटणांनी भरलेलं ते यंत्र. बसवायला आलेल्या माणसानं माईक मिक्सरला जोडला, तर आवाजच येईना. मग त्यानं माईकच्या खोक्यातली वायर काढली. तिच्या एका टोकाला माईकचा तीन पिनांचा जोड आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन. ती त्यानं थेट लॅपटॉपला लावली. आवाज आला, पण विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि मागं सारखी सूऽऽ अशी खरखर. "बायकांचे आवाजच बारीक असतात, मोठ्यानं बोलायला सांगा," असं म्हणून तो पैसे घेऊन गेला.

आणि आम्ही ते खरं मानलं. एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात 'मोठ्यानं बोला' असं लिहून भिंतीला टांगलं. मग काय, ज्यांना मोठ्यानं बोलायची सवय होती त्याच बोलल्या. सभेत बोलणाऱ्या, भजन म्हणणाऱ्या. बाकीच्या यायच्या, पुठ्ठ्याकडं बघायच्या आणि चार वाक्यांत आटपायच्या.

दसऱ्याच्या आधी एक ताई आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारला समिती नेमावी लागली, ते तुम्हाला आठवत असेल. या ताईंचंही तसंच झालं होतं, आणि ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. त्या बोलायला लागल्या. हेडफोनमध्ये आम्हाला नीट ऐकू येईना. आम्ही म्हटलं, "ताई, जरा मोठ्यानं." थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी दाराकडं बघितलं. बाहेर ओट्यावर चार पोरं बसली होती. ताई म्हणाल्या, "असलं काय वरडून सांगायचं असतंय व्हय?" पदर सावरला आणि निघून गेल्या. पंधरा दिवसांत त्यांची टोळी कारखान्याला गेली, म्हणजे सहा महिने गाठ पडायची नाही.

डिसेंबरात गटाच्या बैठकीला आमच्या एका सभासद मावशींची मुलगी आली. तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक शिकलेली पोरगी. तिनं माईक हातात घेतला, वायर बघितली, मिक्सरची मागची-पुढची बाजू बघितली आणि म्हणाली, "काकू, याला खायलाच घालत नाही तुम्ही. हा माईक उपाशी आहे."

तिनं आम्हाला जे समजावलं ते आम्ही तुम्हाला आमच्या भाषेत सांगतो. माईक मुख्यतः दोन जातीचे. एक भजनाला, लग्नाला असतो तो, डायनॅमिक. त्याच्यात लोहचुंबक आणि तारेचं बारीक वेटोळं असतं. आवाजानं पडदा हलला की वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरलं की दिवा लागायचा, सेल लागत नव्हता. हा माईक तसा कमावता आहे, बाहेरून काही मागत नाही.

दुसरा कंडेन्सर. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत वेंट नावाच्या शास्त्रज्ञानं तो बनवला. त्याच्यात एक जाड पत्रा आणि त्याच्यासमोर केसाएवढ्या अंतरावर ताणून बसवलेला अगदी पातळ पडदा. पडदा इतका हलका की कुजबुजसुद्धा त्याला हलवते. म्हणून स्टुडिओत हाच वापरतात. पण त्यातून निघणारा इशारा फार अशक्त, तो वायरीत टिकावा म्हणून माईकच्या पोटातच एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्या सर्किटला वीज लागते. आमच्या माईकसारख्या स्वस्त जातीत इलेक्ट्रेट नावाचा कायम भारलेला पडदा असतो, तो १९६२ साली सेसलर आणि वेस्ट या दोघांनी शोधला. पण पडदा भारलेला असला तरी सर्किटची भूक उरतेच. लॅपटॉपच्या भोकातून त्याला दोन-तीन व्होल्ट मिळत होते. त्याला हवे होते ४८.

ही ४८ व्होल्टची वीज मिक्सर देतो, ज्या तारांतून आवाज येतो त्याच तारांतून उलटी पाठवतो. वेगळी वायर दिसत नाही म्हणून तिचं नाव 'फँटम पॉवर'. फँटम म्हणजे भूत. हे कळल्यावर बैठकीत जो हशा झाला तो थांबेना. एक आजी म्हणाल्या, "म्हणूनच मेला सूऽऽ करत होता." आणि ४८ हा आकडा कुठून आला? १९६६ साली नॉर्वे देशाच्या सरकारी रेडिओला नॉयमान या जर्मन कंपनीचे नवे माईक घ्यायचे होते. त्यांच्या स्टुडिओत वीज गेल्यावर लागणाऱ्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. ते म्हणाले, माईकही त्याच्यावरच चालवा. तीच रीत जगभर पडली. म्हणजे त्यांनीही घरात होतं त्यातूनच भागवलं.

आमच्या जुन्या मिक्सरला ही सोयच नव्हती. तुम्ही कुठं जुना मिक्सर घेणार असाल तर आधी त्यावर '४८ व्होल्ट' किंवा 'फँटम' लिहिलेलं बटण आहे का बघा. आम्ही बघितलं नाही. मिक्सर आणि माईकच्या मध्ये लावायचा तयार डबाही मिळतो, आम्हाला त्याचा भाव दीड हजार सांगितला. पैसे असतील तर तो घ्यावा, उगीच हट्ट करू नये. आमच्याकडं पैसे नव्हते, आणि तो लाईटवर चालणार, आपल्याकडं लाईटचा भरवसा काय ते तुम्हाला माहीत आहे.

त्या पोरीनं हिशोब मांडला. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या असतात, एकीला एक अशा पाच जोडल्या की पंचेचाळीस. ताज्या असल्या तर सत्तेचाळीसपर्यंत जातात. ४४ ते ५२ च्या मधलं सगळं चालतं. या बॅटऱ्यांची अधिक बाजू माईकच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांना द्यायची, पण थेट नाही. प्रत्येक पिनेला ६,८०० ओहमचा एक रेझिस्टर लावून. त्याच्यावर निळा, करडा, तांबडा असे पट्टे असतात. उणे बाजू एक नंबरच्या पिनेला. ते दोन रेझिस्टर अगदी सारखे हवेत. कावडीच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन असलं की काठी कलत नाही, तसंच हे. दोन्ही तारांवर सारखी वीज असली की मिक्सरला ती जाणवत नाही, त्याला फक्त दोन तारांमधला फरक, म्हणजे आवाज, ऐकू येतो. आम्ही वीस रेझिस्टर आणले आणि मल्टिमीटरनं एकेक मोजून जोड्या लावल्या. तांदूळ निवडायची सवय तिथं कामाला आली.

मिक्सरकडं वीज जाऊ नये म्हणून दोन्ही तारांवर एकेक कपॅसिटर, ४७ मायक्रोफॅरडचा, ६३ व्होल्टचा. त्याची अधिक बाजू माईककडं. उलटा लावला तर बिघडतो. आमचा एक बिघडलाच. दोन माईक म्हणून चार रेझिस्टर, चार कपॅसिटर. बॅटऱ्या मात्र पाचच, दोघांत मिळून. हे सगळं बसवलं स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. आतून पुठ्ठा लावला, म्हणजे बॅटऱ्या पत्र्याला टेकत नाहीत, आणि डब्याचा पत्रा एक नंबरच्या पिनेला जोडला, म्हणजे बाहेरची गुणगुण आत येत नाही. सगळा खर्च साडेचारशे. बॅटऱ्या फार काळ टिकतात, कारण माईक खातो अगदी थोडं.

डबा जोडला, आवाज खणखणीत आला. पण एका माईकला हात लावला की घूंऽऽ. पोरीनं तो उघडला. त्याचं बाहेरचं नळकांडं रंगवलेलं, त्यामुळं ते आतल्या एक नंबरच्या पिनेला जोडलंच गेलं नव्हतं. आतून रंग खरवडला, एक वायर टाकली, डाग दिला. घूं गेला. बनवणाऱ्यानं हे आधीच करायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं. पण स्वस्त मालात कोण एवढं बघतो? 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुसकारे यायचे, त्यासाठी भरतकामाच्या रिंगणात जुना पायमोजा ताणून माईकपुढं धरला.

आता सांभाळायच्या गोष्टी. वायर लावताना-काढताना डब्याचं बटण बंद आणि मिक्सरचा आवाज खाली. नाहीतर असा धाडकन आवाज येतो की हेडफोन घातलेलीचा कान जातो. ती बारीक पिनेची लॅपटॉपची वायर या डब्याला कधीही लावायची नाही, लॅपटॉपच्या अंगात वीज शिरेल. ती आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. भजनाचा माईक चुकून लागला तर घाबरू नका, वायर धड असेल तर त्याला काही होत नाही. रिबन जातीचा जुना माईक मात्र लावू नका. आणि बॅटरीचा डबा उघडला म्हणून लाईटवर चालणारा मिक्सर उघडायला जाऊ नका. त्यात २३० व्होल्ट असतात, ते काम शिकलेल्या माणसाचं.

एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या. आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. "तुमचा आवाज बारीक नव्हता, आमचं यंत्र बिघडलेलं होतं," असं सांगितलं. त्या लगेच आल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला आल्या, दुपारी, ओटा रिकामा असताना. दार लावून घेतलं. बावीस मिनिटं बोलल्या, शेजारणीशी बोलावं तेवढ्याच आवाजात. मधे एकदा थांबल्या, तेव्हाचा त्यांचा श्वाससुद्धा आला आहे. आम्ही एकदाही अडवलं नाही.

मग हेडफोन त्यांच्या कानाला लावले. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "नाव नका सांगू. बाकी लावा." त्याप्रमाणे ते नाव न सांगता याच वेळेला पुढच्या गुरुवारी लागेल. घरात माणसं असतील तर रेडिओ बारीक करा, तरी ऐकू येईल.

तो पुठ्ठा आम्ही काढला. त्याच्या मागच्या बाजूला आता बॅटरीचा हिशोब लिहितो, तारीख आणि व्होल्ट. काल ४५ होते. चाळीसला आले की पाचही बॅटऱ्या बदलायच्या, एखाद-दुसरी नाही. ज्या गटांना डबा करून बघायचा आहे त्यांनी येत्या रविवारी दुपारी दोनला केंद्रावर यावं, येताना एक रिकामा स्टीलचा डबा आणावा. रामराम.