वसुली झाल्यावर एक तबकडी

आम्ही डोंगरकड्याहून बोलतोय, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. आज कर्जावर बोलणार नाही, हळदीच्या भावावरही नाही. गाण्यावर बोलणार आहोत, अन् तेही अमेरिकेतल्या जुन्या गाण्यावर.

बूगी-वूगी म्हटलं की आमच्या वयाच्या बायांना टीव्हीवरचा नाचाचा कार्यक्रम आठवतो. पण हे नाव त्याच्या फार आधीचं. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस वेचणाऱ्या, लाकूड तोडणाऱ्या काळ्या लोकांमध्ये पियानो वाजवायची ही रीत तयार झाली. पियानो म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ समजा. डावा हात एकच फेरा पुन्हा पुन्हा वाजवतो, थांबत नाही. उजवा हात मनाला येईल तसा खेळतो. आमच्या गटातल्या एक आजी पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, "हे तर जातं हाय की. हात खुंट्याला अन् गळा मोकळा." याहून सोपं करून आम्हाला सांगता येणार नाही. 1928 साली पाइनटॉप स्मिथ नावाच्या वादकानं या नावाची रेकॉर्ड केली. वाजवता वाजवता तो नाचणाऱ्यांना सांगत राहतो, आता थांबा, आता हला. पुढच्याच वर्षी गोळी लागून तो गेला. वय 24.

पुढं या चालीत ड्रम आले, सॅक्सोफोन आला, मोठ्या गळ्याच्या बाया आल्या. त्याला म्हणतात रिदम अँड ब्लूज. हे नाव 1949 सालचं. त्याआधी काळ्या लोकांच्या रेकॉर्डींची यादी 'रेस रेकॉर्ड' म्हणून वेगळी छापायचे, म्हणजे वंशावरून वेगळी. नाव बदललं, यादी मात्र वेगळीच राहिली. हे आपल्याला कुणी उलगडून सांगायला नको.

या तबकड्या कशाच्या असायच्या, माहीत आहे का? लाखेच्या. आपल्या लाखेच्या बांगड्यांची असते तीच लाख. जगाला ती मुख्यतः भारतातून जायची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर तिचा किडा वाढतो. 1942 साली महायुद्धामुळं इकडून लाख जाणं अवघड झालं, तेव्हा तिथल्या सरकारनं रेकॉर्डींना लागणाऱ्या लाखेवर मोठी कात्री लावली. जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळवल्या जायच्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. आम्ही अर्थात तबकड्या नाही, मोबाईलवर ऐकतो, छोटा स्पीकर जोडून.

आमची रीत अशी. बचत जमा, वसुली, रजिस्टरवर सह्या. मग एक गाणं, कधी दोन. काही घरांतून विचारणा झाली, बैठकीला तास लागायचा, आता सव्वा तास कसा लागतो? पारावर बसणाऱ्यांना हा हिशोब कुणी विचारत नाही. आम्ही बैठकीत ठरवलं की ही पंधरा मिनिटं इतिवृत्तात लिहायची. 'गाणे ऐकले' असं आता दर वेळी लिहितो, खाली सगळ्यांच्या सह्या. लपवून ऐकण्यासारखं त्यात काय आहे?

भाषा कळत नाही, असंही काहीजणी म्हणाल्या. खरं आहे. म्हणून आधी गोष्ट सांगतो, मग गाणं लावतो. सगळ्यात रंगली ती विली मे थॉर्नटन. धिप्पाड बाई, म्हणून नाव पडलं 'बिग मामा'. 1952 च्या ऑगस्टमध्ये तिनं 'हाउंड डॉग' गायलं. दुसऱ्या वर्षी ते बाहेर आलं आणि सात आठवडे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरवर राहिलं. गाणं कुत्र्यावर नाही बरं. आयतं खायला दारात येणाऱ्या बाप्याला बाई ठणकावते, तुला मी ओळखलंय, आता इथं काही मिळायचं नाही. हे सांगून गाणं लावलं, तर एकीनं ते तीनदा लावायला लावलं. का, ते कुणी विचारलं नाही.

1956 साली हेच गाणं एल्विस प्रेस्ली या गोऱ्या पोरानं बदललेल्या शब्दांत गायलं. त्यात खरंच कुत्रा आला, बाईचा राग गेला. त्याची रेकॉर्ड लाखांनी खपली. बिग मामा सांगायच्या, आपल्याला एकदाच 500 डॉलरचा चेक मिळाला, त्यापुढं काही नाही.

आपल्याकडं ही चाल आणणाऱ्यांत आपलाच माणूस होता. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 1951 चा 'अलबेला' बघा. भगवानदादा नाचतात आणि मागं गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा बँड वाजतो. 1957 च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका' तर लेकरांनाही पाठ आहे. हे लावल्यावर ज्या बाया भिंतीला टेकून होत्या, त्याही उठल्या.

पण बिग मामाच्या चेकची गोष्ट गटात मागं राहिली. पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या बाया आम्ही, आम्हाला ती खटकणारच. बोलता बोलता विषय आपल्या ओव्यांवर आला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारणीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आमच्या इथल्या म्हाताऱ्यांच्या ओव्या मात्र त्यांच्याबरोबरच चालल्यात. म्हणून आता गाणं ऐकून झालं की एक ओवी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. आधी बाईनं स्वतःचं नाव सांगायचं, मग माहेर, मग सासर. एका आजींनी नाव विचारल्यावर "अमक्याची आई" एवढंच सांगितलं. त्यांना त्यांचं पाळण्यातलं नाव आठवायला थोडा वेळ लागला. आम्ही थांबलो. अकरा जणींच्या ओव्या झाल्यात. बाकीच्या हळद काढणी उरकल्यावर.

पुढच्या बैठकीला रोझेटा थार्प लावणार आहोत. 1944 सालची रेकॉर्ड आहे. देवाचं गाणं, बाईच्या हातात गिटार आणि मागं बूगी-वूगीचा पियानो. भजनी मंडळातल्या बायांना मुद्दाम बोलावलंय. त्यांनी टाळ आणतो म्हणून कळवलंय.