घरची सरकी पेरली तर?

(बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालील एका गावी, पेरणीच्या अगोदर शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



सभा भरविणाऱ्या मंडळींनी मला विषय दिला तो ‘वंशशास्त्र’. नाव ऐकून निम्मी मंडळी उठून जातील अशी मला धास्ती होती. परंतु मी शास्त्राचा थाट मिरविण्यास आलेलो नाही. तुमच्यापैकीच एका गृहस्थाने मागे एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर देण्यास आलो आहे. प्रश्न असा : “दरसाल मृग जवळ आला की दुकानासमोर उभे राहून कपाशीचे पाकीट आणावे लागते. माझ्या आज्याने जन्मात सरकी विकत घेतली नाही. मग मी माझ्याच वावरातली सरकी पेरली तर काय बिघडेल?”

या प्रश्नाला दुकानदार एक उत्तर देतो, म्हातारा दुसरे देतो आणि पोराने मोबाइलवर तिसरेच वाचलेले असते. काही लोक तर बेधडक सांगतात की तसे करणे गुन्हा आहे. हे मात्र खोटे. २००१ साली झालेल्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त पाकिटावर संरक्षित वाणाचे नाव छापून विकता येत नाही. तेव्हा कायद्याने तुमचे हात बांधलेले नाहीत. ते बांधले आहेत निसर्गाच्या एका नियमाने, आणि तो नियम समजून घेतला तर कोठे पैसा खर्चावा व कोठे वाचवावा हे आपले आपल्याला ठरविता येते.

आज्याची पऱ्हाटी गावरान होती. तिच्या सरकीतून पुन्हा तसलीच पऱ्हाटी उगवे, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती आपल्यातच फळत आली होती. रेच्यातून रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे; चांगली सरकी राखून ठेवली की झाले. मग १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ ही कपाशी काढली. दोन वेगळ्या वाणांचे लग्न लावून निघालेली, मोठ्या प्रमाणावर पेरली गेलेली ही पहिली संकरित कपाशी. पीक भरघोस आले, आणि घरची सरकी मागे पडली.

संकराचे बी म्हणजे काय, हे घाटावरच्या देऊळगाव राजाकडील बायांना विचारावे. तिकडे शेडनेटमध्ये मिरची-टमाट्याचे बीजोत्पादन चालते. बाई चिमट्याने कळी उघडते, आतले नराचे भाग काढून टाकते आणि दुसऱ्या वाणाचा पराग आणून त्या फुलाला लावते. एकेक फूल, हाताने. कपाशीच्या संकराचे बी असेच तयार होते. ज्या बाईला कोणी शाळेत घातले नाही तिच्या बोटांवर हा सारा धंदा उभा आहे, आणि पाकिटावर चित्र मात्र हसऱ्या पुरुषाचे असते! असो.

हेच काम दीडशे वर्षांपूर्वी एका कुणब्याच्या पोराने केले. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. जन्म १८२२, ऑस्ट्रियाच्या राज्यातील एका खेड्यात. ते खेडे आज चेक देशात आहे. बाप शेतकरी. तो अपघाताने जायबंदी झाला तेव्हा पोराचे शिक्षण थांबायची वेळ आली. धाकट्या बहिणीने आपल्या लग्नाच्या हुंड्यातला वाटा काढून भावाला दिला, म्हणून तो शिकला. पुढे तो ब्रनो शहरी मठात राहिला आणि मठाच्या बागेत त्याने सात-आठ वर्षे वाटाणा लावला. गोल दाण्याच्या झाडाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडाशी संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल. सुरकुती जणू नाहीशी झाली! त्याने तेच दाणे पुन्हा पेरले आणि आलेले दाणे एकेक करून मोजले : ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. म्हणजे तीनास एक. गेलेली सुरकुती परत आली होती.

त्याने काढलेला अर्थ मी आपल्या भाषेत सांगतो. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या जिवाजवळ असतात, एक बापाची, एक आईची. दोन्ही निराळ्या असल्या तर बहुधा एक जोरकस ठरते आणि दुसरी दबून राहते. पण ती मरत नाही. पुढच्या पिढीला देताना त्या दोहोंपैकी कोणतीही एकच चिठ्ठी उचलली जाते. दोन्हीकडून दबलेलीच चिठ्ठी आली, तर दबलेला गुण उघडा पडतो. असे चारात एकदा घडते. १८६५ साली मेंडेलने हे विद्वानांपुढे वाचून दाखविले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली तो वारला, आणि १९०० साली तीन देशांतील तीन शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की आपण काढू पाहतो ते या माणसाने केव्हाच काढून ठेवले आहे.

या चिठ्ठ्यांना आज जनुके म्हणतात. ती डीएनए नावाच्या लांब दोऱ्यावर लिहिलेली असतात. लिपी चारच अक्षरांची, आणि तीच लिपी वाटाण्यात, अळीत, बैलात व माणसात. दोरा दुपदरी, पीळ घातलेल्या सुतळीसारखा. एक पदर दुसऱ्याचा फर्मा असतो. सुतार जसा एका फर्म्यावरून दुसरा कापतो तशी एका पदरावरून दुसऱ्याची नक्कल निघते, म्हणून बापाचे लिहिणे लेकाकडे पोचते. या दोऱ्याची रचना १९५३ साली उलगडली. अमेरिकन कपाशीच्या पेशीत असे ५२ दोरे, गावरानीच्या पेशीत २६. म्हणून या दोघींचा संकर सहजासहजी जमत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाकिटातली सरकी ही मेंडेलची पहिली पिढी. सारी झाडे एकसारखी, जोमदार. पण त्या झाडांवर जे बोंड येते त्यातली सरकी ही दुसरी पिढी, म्हणजे तिथे चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या गेल्या. एका गुणाचा हिशेब केला तर निम्मी झाडे संकरासारखी राहतील, पाव आईकडच्या वाणावर व पाव बापाकडच्या वाणावर जातील. पण पीक एका गुणाने ठरत नाही. जोडीच्या दहाच चिठ्ठ्या धरल्या, तरी त्या दहांतही संकरासारखे निघणारे झाड हजारात एखादे. म्हणून घरची संकरित सरकी पेरली की एक झाड उंच, एक खुजे, एकाचे बोंड मोठे, एकाचे सुपारीएवढे, वेचणीला कोणतेच एका वेळी येत नाही. म्हाताऱ्याची सरकी गावरान होती म्हणून ती वचनाला जागली. तुमची संकरित आहे, ती जागणार नाही.

येथवर नुकसान पिकाचे. पुढची गोष्ट अळीची आहे आणि ती अधिक वाईट आहे.

२००२ सालच्या मार्चमध्ये सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूच्या अंगी असे प्रथिन आहे की ते अळीच्या आतड्यात विरघळते आणि आतड्याला भोके पाडते. माणसाच्या पोटात ते अळीतल्यासारखे काम करीत नाही. त्या प्रथिनाची चिठ्ठी जंतूतून काढून कपाशीच्या दोऱ्यात बसविली. २००६ पासून दोन प्रथिनांची कपाशी आली. पहिली काही वर्षे हिरवी बोंडअळी हटली, फवारणी घटली. हे कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही.

पण गुलाबी बोंडअळीने काय केले पहा. लाखो अळ्यांत एखाद्या अळीजवळ अशी चिठ्ठी असते की ते विष तिला बाधत नाही. ही चिठ्ठी बहुधा दबलेल्या जातीची. एकच असली तर अळी मरते, दोन्ही असल्या तर जगते. समजा तुमच्या वावरात अशी एक अळी जगली व तिचा पतंग झाला. शेजारी साध्या कपाशीची काही तासे असतील तर तेथे साधे पतंग भरपूर निघतात. त्यांच्याशी जुळले की पिलांजवळ एकेकच चिठ्ठी येते, आणि ती पिले बीटीवर मरतात. पण साधी कपाशी नसलीच, तर वाचलेला पतंग वाचलेल्यालाच गाठतो, आणि सारी संतती दुहेरी चिठ्ठीची होते. यासाठीच पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बी मिळे. बीटीच्या भोवती पाच तासे किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढे, साधे लावावे असा नियम होता. किती जणांनी लावले? बहुतेकांनी ते पाकीट धुऱ्यावर फेकले. मी त्यांना दोष देत नाही. बारीक अक्षरात हुकूम छापला होता, कारण कोणी सांगितले नव्हते. आणि कारण न कळता पाचवा हिस्सा अळीला सोडून देणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. आता साधे बी पाकिटातच मिसळून येते.

दुसरे एक कारण बोंडाच्या पोटात आहे. गुलाबी अळी सरकी खाते, आणि बोंडातली सरकी दुसऱ्या पिढीची असते हे आताच सांगितले. विषाच्या दोन चिठ्ठ्या संकराला एकाच बाजूकडून मिळालेल्या असल्या, तर बोंडातील सोळा दाण्यांत एक दाणा अगदी बिनविषारी, काहींत एकच विष, बाकीच्यांत दोन्ही. एका बोंडात तीस दाणे धरा. अळीला दोन दाणे मोफत. थोडे विष चाखत, थोडे टाळत वाढण्याची तालीम तिला घरच्या घरी मिळाली. अमेरिकेत बीटी कपाशी सरळ वाणात होती, सगळ्या सरकीत विष सारखे. तिथे साधी कपाशी राखून, नंतर नपुंसक केलेले पतंग सोडून, २०१८ साली ही अळी देशातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे २०१७ साली तिने विदर्भाची बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली.

तेव्हा घरची बीटी सरकी पेरणे म्हणजे पीकही विस्कळीत आणि चारातले एक-दोन झाड अर्धवट विषाचे. मी तो सल्ला देणार नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड ठेवू नका. उभ्या फरदडीवर दुहेरी चिठ्ठीची अळी पुढच्या हंगामापर्यंत पोसली जाते. आणि ज्याला पाकिटाच्या फेऱ्यातून सुटायचे आहे त्याने सरळ वाणाची चौकशी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात करावी. सरळ वाणाची सरकी, दुसऱ्या कपाशीपासून दूर लावून राखली, तर घरची चालते.

माणसाच्या वंशाबद्दल दोन शब्द बोलतो, कारण समोर आयाबहिणी आहेत. विदर्भात सिकलसेल नावाचा आजार आहे. रक्ताच्या एका प्रथिनाच्या चिठ्ठीत एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने गोल रक्तपेशी विळ्यासारखी होते, नसांत अडकते, सांधे ठणकतात, रक्त कमी होते. एक चिठ्ठी बदललेली असली तर माणूस बहुधा ठणठणीत असतो. पण अशी दोन माणसे नवराबायको झाली, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असे नाही. दर वेळी डाव नवा. घरोघर मात्र दोष सुनेच्या पदरात. दोष द्यायचाच तर अर्धा मुलाच्याही पदरात घाला, चिठ्ठी दोघांची असते! यापेक्षा लग्नाआधी दोघांचे रक्त तपासावे. २०२३ पासून सरकारने या आजारासाठी देशव्यापी मोहीम हाती घेतली आहे. सरकारी दवाखान्यात विचारावे.

आणि वंशाच्या नावाने ज्यांनी आपल्याला हजार वर्षे खाली बसविले, त्यांच्या दाव्याला या शास्त्रात साक्षीदार नाही. कोणतीही दोन माणसे घ्या, हजारातली सुमारे नऊशे नव्व्याण्णव अक्षरे सारखी निघतात. सिकलसेलची चिठ्ठी मलेरियाच्या मुलखात टिकली, कारण एक चिठ्ठी असलेल्याला तो ताप तितका मारीत नाही. ती डास पाहते, जात पाहत नाही.

शेवटी सोयाबीन, कारण आज जिल्ह्यात तेच फार. सोयाबीनचे फूल मेंडेलच्या वाटाण्यासारखे मिटलेल्या अवस्थेतच आपल्या परागाने फळते, आणि बाजारातले वाण सरळ आहेत, संकरित नाहीत. म्हणून घरचे सोयाबीन आईवरच जाते. येथे दरसाल पाकीट घेण्याचे कारण नाही. भीती एवढीच की त्याचे साल पातळ असते, मळणीयंत्र जोरात फिरविले किंवा पोती उंच थप्पीत आदळली की अंकुर मोडतो. म्हणून पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, वरून दुसरे ओले गोणपाट घाला, गुंडाळून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपीत जा. सहा-सात दिवसांनी उघडून धड कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा अधिक निघाले तर नेहमीच्या मापाने पेरा. सत्तरच्या थोडे खाली असतील तर बी वाढवा. फारच कमी निघाले तर ते बी पेरू नका आणि शेजाऱ्याच्या घरी चांगले आहे का ते विचारा.