चार पावलांवरचे सुख



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण अंबरनाथात राहण्यातले एक सुख बोलून दाखवावेसे वाटते. ते पायी चालण्याचे. स्टेशनाजवळ बिऱ्हाड असले की भाजी, दळण, शाळा, दवाखाना सारे चार पावलांवर. रिक्षाच्या पैशांसाठी हात पसरायला नको, की कुणाला "सोडता का?" म्हणायला नको. बाईमाणसाला ही केवढी मोकळीक! इ. स. १०६० सालचे आपले शिवमंदिरही पायी जाण्याजोगे. महाशिवरात्रीला लोटच्या लोट चालत जातात.

शेजारचे उल्हासनगर पाहा. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे लष्करी छावणीच्या बराकीत आली. १९४९ साली त्या वसाहतीला हे नाव मिळाले. त्यांनी घराला लागूनच दुकाने थाटली. म्हणून तिथला बाजार आजही वस्तीच्या उंबऱ्याशी आहे.

पण हे सुख निसटू लागले आहे. आमच्या गल्लीत फुटपाथवर मोटारसायकलींची रांग असते. शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे खाली रस्त्यावर उतरवत नाही. त्यांचे देवळात जाणेच सुटले. भाजीवालीवर मात्र राग नको. तीही आपल्यासारखी संसार चालवते, आणि २०१४ च्या फेरीवाला कायद्याने तिलाही हक्क दिला आहे. अडचण दिवसभर उभ्या गाड्यांची आहे.

तेव्हा प्रत्येकीने आधी आपल्या घरची गाडी बाजूला लाववावी. मग फुटपाथ मोकळे ठेवण्यासाठी मंडळाने नगरपरिषदेला अर्ज द्यावा. पहिली सही मी करीन.