विचार करायला वेळ देणारा खेळ

आज जरा वेगळा विषय आहे.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि बोलणं मुलांच्या मोबाईलवर आलं. आमच्यातल्या एकीने आदल्या रात्री मुलाच्या हातातून फोन ओढून घेतला होता. मुलगा रडत म्हणाला, “आई, निदान ही लढाई तरी संपू द्यायचीस!” तेव्हापासून घरात अबोला. आम्ही ठरवलं, आधी खेळ समजून घेऊ, मग बोलू. मुलांनाच शेजारी बसवून शिकलो.

या खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. आपण गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, गावोगाव फिरायचं आणि वाटेत शत्रू भेटला की लढायचं. काही खेळांत ही लढाई सारीपाटासारखी चालते. आधी आपला डाव, मग समोरच्याचा. आपण खेळी ठरवेपर्यंत शत्रू थांबून राहतो.

जपानमध्ये 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा असा खेळ आला. लढायचं, मंत्र वापरायचा, वस्तू वापरायची की पळायचं, एवढंच निवडायचं. बोटं भराभर चालायची गरज नाही. 1996 सालच्या ‘पोकेमॉन’मध्येही तसंच. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी आणि गवत पाण्याला भारी. कुणापुढे कुणाला उभं करायचं, याचा विचार करावा लागतो.

हा या पद्धतीचा मोठा गुण. डोकं चालतं, वाचावं लागतं, दोघांना मिळून सल्लामसलत करता येते. मध्येच दूध उतू गेलं तरी डाव तिथेच थांबलेला असतो. आमच्यासारख्या नवशिक्यांनाही जमलं ते त्यामुळेच.

आता दोष. तीच ती लढाई पुन्हा पुन्हा करावी लागते. पात्राची ताकद वाढवायची म्हणून मुलं तासन्‌तास किरकोळ शत्रूंशी लढत बसतात. शत्रू मुकाट्याने वाट बघतो, हेही काहींना खोटं वाटतं. 1991 साली ‘फायनल फँटसी’च्या चौथ्या खेळात मात्र वेळेचं बंधन आलं. उशीर केला तर शत्रू वार करून मोकळा! तरीही जुनी रीत संपली नाही. 2023 साली वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून गौरवलेला ‘बाल्डर्स गेट 3’ डावाडावानेच चालतो.

आमच्या लक्षात आलं ते असं. लढाईत घड्याळ नाही म्हणून विचाराला वेळ मिळतो. आणि घड्याळ नाही म्हणूनच खेळ कधी संपवायचा, हेही कळत नाही. ते घरानेच ठरवायला हवं.

आणखी एक गोष्ट कळली. अशा बऱ्याच खेळांत लढाई चालू असताना खेळ जपून ठेवता, म्हणजे सेव्ह करता येत नाही. मध्येच फोन ओढला तर केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. त्या मुलाचं रडणं निव्वळ हट्टाचं नव्हतं.

आता त्या घरात जेवणाआधी दोनच लढाया, मग सेव्ह करायचं आणि ताटावर बसायचं, असं ठरलंय. परवा तिसरी झालीच म्हणे! पण फोन ओढावा लागला नाही आणि अबोलाही राहिला नाही.

मैत्रिणींनो, आज रात्री रागवण्याआधी मुलाशेजारी दहा मिनिटं बसा. “आता कुणाचा डाव?” एवढं विचारून बघा. काय घडलं, ते पुढच्या बैठकीत आम्हाला जरूर सांगा.