खाडींतील परके शिंपले



पनवेलच्या एका शाळेंत मीं मास्तरकी केली. पावसाळा सरला कीं मुलांस ओहोटीच्या वेळीं खाडीवर न्यावयाचें आणि निवट्या, खुबे, कालवें दाखवावयाचीं, हा माझा परिपाठ असे. एकदां एका चुणचुणीत मुलीनें विचारलें, "गुरुजी, हे सगळे जीव इथलेच का?" मी बेधडक 'होय' म्हणालों. तें उत्तर मीं न तपासतां दिलें होतें.

आमच्या खाडीचें पाणी ज्या मुंबई बंदराला मिळतें, तेथें १९७५ सालीं शास्त्रज्ञांनीं एका परक्या शिंपल्याची नोंद केली. मायटिलॉप्सिस सॅली हें त्याचें शास्त्रीय नांव. बोटाच्या पेराएवढा हा जीव मूळचा मेक्सिकोचें आखात व कॅरिबियन समुद्र यांतला. विशाखापट्टणच्या बंदरांत तो त्यापूर्वींच, १९६७ च्या सुमारास, दिसला होता. एवढा प्रवास त्यानें केला कसा? पोहून खचित नव्हे. चिवट तंतूंनीं तो जहाजाच्या बुडाला चिकटून येतो. दुसरी वाट अधिक चोरटी आहे. रिकामें जहाज तोल राखण्यासाठीं एका बंदराचें पाणी आपल्या टांक्यांत भरून घेतें आणि दुसऱ्या बंदरीं माल चढवितांना तें सोडून देतें. त्या पाण्याबरोबर डोळ्यांस न दिसणारीं पिलें फुकटचा प्रवास करितात. न्हावाशेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून ही वर्दळ आमच्या उंबरठ्याशीं आली आहे.

अशा पाहुण्यांपैकीं बहुतेक मरतात. खाडी ही मोठी कडक परीक्षक! वैशाखांत तिचें पाणी खारट. आषाढांत गाढी नदीला पूर आला कीं तेंच जवळजवळ गोडें. समुद्रांतील किती तरी जीव या फेऱ्यांत दगावतात. हा शिंपला मात्र दोन्ही सोसतो, आणि महिन्याभरांत वयांत येऊन पिलें सोडूं लागतो. इतरांनीं मोकळी केलेली जागा त्याला आयती मिळते.

केरळांतील अष्टमुडी सरोवरांत काय झालें पाहा. अमेरिकेच्या किनाऱ्याकडचा 'चारू' नांवाचा दुसरा एक शिंपला तेथें २०१९ च्या सुमारास आढळला आणि त्यानें कालवांच्या व शिणाण्यांच्या जागा बळकावल्या. कालवें फोडून संसार चालविणाऱ्या बायका आमच्याहि खाडीकांठीं आहेत. म्हणून ही गोष्ट मला केवळ प्राणिशास्त्राची वाटत नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें १९९९ सालीं हाच सॅली शिंपला नौकांच्या गोद्यांत सांपडला. तेथल्या लोकांनीं गोद्यांचे दरवाजे बंद केले, पाण्यांत क्लोरीन व मोरचूद ओतला आणि आंतला जीव न् जीव मारून त्याचा निःपात केला. दरवाजे होते व सुगावा लवकर लागला, म्हणून हें साधलें. पनवेलच्या खाडीला दार कोठें बसवावयाचें?

जहाजांनीं तोलाचें पाणी शुद्ध करूनच सोडावें, असा आंतरराष्ट्रीय करार २००४ सालीं झाला व २०१७ च्या सप्टेंबरांत अमलांत आला. परंतु बुडाला काय चिकटलें आहे, याविषयीं तो करार मुका आहे.

आतां एका ओळखीच्या होडीवाल्याच्या धक्क्यास मीं एक लांकडी फळी टांगली आहे. शास्त्रज्ञहि अशाच फळ्या टांगून बंदराची पाहणी करितात. दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ती वर ओढतों व वहींत टिपण करितों. मागच्या खेपेस तिच्यावर दोन कोवळीं कालवें बसलेलीं आढळलीं. तीं इथलींच; या वेळीं मीं तपासून पाहिलें आहे.